केस गळतायत, लोशन लावू की गोळी घेऊ?

प्रश्न: वय २८, सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत शिफ्ट असते. हेल्मेट काढलं की आत केस चिकटलेले दिसतात, कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत. आई म्हणते बोअरचं पाणी, मित्र म्हणतो सरळ ट्रान्सप्लांट कर. काय करू?

उत्तर: अरे, पाण्याला दोष देणं सोड आणि हेल्मेटलाही (डोकं राहिलं तर केस ना!). कोपऱ्यांतून मागे जाणारं टक्कल बहुतेक वेळा आनुवंशिक असतं, डीएचटी हार्मोनमुळे केस दरवेळी आधीपेक्षा बारीक उगवतो. लोशन म्हणजे मिनॉक्सिडिल ५ टक्के, दिवसातून दोनदा १ मिली, कोरड्या टाळूवर लावायचं, केसांना नाही. सुरुवातीला अनेकदा केस उलट जास्तच गळतात आणि बरेच जण तिथेच घाबरून बाटली फेकतात, पण फरक दिसायलाच ४ ते ६ महिने लागतात आणि बंद केलं की कमावलेलं परत जातं. फिनास्टेराइड १ मिग्रॅची गोळी डीएचटीच कमी करते, म्हणून गळती रोखायला मला तीच जास्त दमदार वाटते, पण काहींची लैंगिक इच्छा कमी होते, मूड बिघडतो, त्यामुळे स्किनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलमधून आणू नकोस, आणि गोळी चालू असताना रक्तदानही नाही. ट्रान्सप्लांटमध्ये मागचेच केस पुढे येतात, नवीन काही उगवत नाही. आत्ता घाई केलीस तर लावलेले राहतील, त्यांच्यामागचे मूळचे केस जातील, आणि पुढे नुसतं बेट उरेल.