तुर्कस्तान आतून कसा दिसतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

तुर्कस्तानबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत राष्ट्राध्यक्ष एर्दोआन हा एकच माणूस आहे. तुर्की माणसाच्या रोजच्या बोलण्यात मात्र घरभाडं, निवृत्तिवेतन, न्यायालयं आणि इमारतींची मजबुती हे विषय जास्त येतात. उत्तरं देताना आम्ही तिकडेच अधिक झुकलो आहोत.

एर्दोआन २००३ पासून सत्तेवर आहेत, तरी निवडणुका होतात. मतमोजणीत गडबड होते का? होत असेल तर लोक मतदानाला का जातात? (सोलापूर)

मोजणीवर तुर्की मतदाराचा बाहेरच्यांना वाटतो त्याहून बराच जास्त विश्वास आहे, कारण मोजणी त्याच्या डोळ्यांसमोर होते. मतदान कागदी मतपत्रिकेवर असतं. मतदार पडद्याआड शिक्का मारतो, मतपत्रिका लिफाफ्यात घालतो आणि बंद लिफाफा पेटीत टाकतो. शिक्का दोन उमेदवारांच्या चौकटींवर गेला तर मत बाद. मतदान संपलं की पेटी त्याच खोलीत उघडतात. आधी लिफाफे मोजून यादीतल्या सह्यांशी ताळा करतात, मग एकेक मतपत्रिका दाखवत मोठ्याने वाचतात. केंद्र समितीत मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी सदस्य म्हणूनच बसतात. शेवटी निकालपत्रकावर सगळ्यांच्या सह्या होतात आणि त्याची प्रत पक्षांना मिळते. मग पक्ष आपल्याकडची प्रत आणि सर्वोच्च निवडणूक मंडळाने नोंदवलेला आकडा पेटीनिहाय जुळवून पाहतात.

कच्चा दुवाही इथेच आहे. २०२३ मध्ये देशात १ लाख ९० हजारांहून अधिक पेट्या होत्या. ज्या पेटीवर पक्षाचा माणूस नाही तिथली सहीची प्रत हाती येत नाही, आणि प्रत नसेल तर हरकत कशाच्या आधारावर घेणार? म्हणून तुर्की विरोधी पक्षांची अर्धी तयारी माणसं नेमण्यातच जाते.

नियम ऐनवेळी बदलण्याचे प्रसंगही घडले आहेत. १६ एप्रिल २०१७ रोजी अध्यक्षीय पद्धतीवरच्या सार्वमताच्या दिवशी, अधिकृत शिक्का नसलेले लिफाफे आणि मतपत्रिकाही मोजाव्यात असा निर्णय मंडळाने मतदान सुरू असतानाच दिला. ‘हो’ची बाजू ५१.४ टक्क्यांनी जिंकली. इतक्या कमी अंतराच्या निकालात असा निर्णय लोक विसरत नाहीत. २०१९ मध्ये इस्तंबूलच्या महापौरपदी सीएचपी (रिपब्लिकन पीपल्स पार्टी) या मुख्य विरोधी पक्षाचे एक्रेम इमामओलू सुमारे १३ हजार मतांनी निवडून आले. काही केंद्रांचे समिती अध्यक्ष सरकारी नोकर नव्हते, हे कारण देऊन ती निवडणूक रद्द झाली. एकाच लिफाफ्यात चार मतपत्रिका होत्या, पण रद्द झाली ती फक्त महापौरपदाची. लोकांना हे पटलं नाही. २३ जूनच्या फेरमतदानात तेच इमामओलू सुमारे ८ लाखांच्या फरकाने जिंकले.

आमच्या मते खरा अन्याय पेटीपाशी होत नाही, पेटीपर्यंत पोहोचण्याआधी होतो. मोठ्या वृत्तवाहिन्या सरकारच्या किंवा सरकारला जवळच्या उद्योगसमूहांच्या हाती आहेत. दंडसंहितेच्या कलम २९९ खाली राष्ट्राध्यक्षांच्या अवमानाला १ ते ४ वर्षांची कैद आहे. कुर्द नेते सेलाहात्तिन देमिर्ताश यांनी २०१८ ची अध्यक्षीय निवडणूक तुरुंगातून लढवली आणि ८ टक्क्यांहून अधिक मतं मिळवली. कुर्दबहुल शहरांत निवडून आलेल्या महापौरांना दहशतवादाच्या आरोपावरून काढून त्यांच्या जागी सरकारी प्रशासक बसवण्याचा प्रकार २०१६ पासून पुन्हा पुन्हा घडतो आहे.

एवढं असूनही लोक जातात, आणि त्यांच्या मताने फरक पडतो. मे २०२३ मध्ये एर्दोआन पहिल्या फेरीत ४९.५ टक्क्यांवर अडले. दुसऱ्या फेरीत ते ५२.२ टक्क्यांनी जिंकले. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ३१ मार्च २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत विरोधी सीएचपी ३७.८ टक्के मतं घेऊन पहिली आली. १९७७ नंतर प्रथमच. त्या वेळी किमान निवृत्तिवेतन दरमहा १० हजार लिरा होतं आणि किमान वेतन १७,००२ लिरा. निवृत्त माणूस हा एर्दोआन यांचा हक्काचा मतदार. त्यातले कित्येक घरीच बसले किंवा इस्लामवादी येनी रेफाह पक्षाकडे वळले. त्या पक्षाने सहा टक्क्यांवर मतं घेतली.

इमामओलू यांची पदवी रद्द झाल्याने ते अध्यक्षपदाला अपात्र कसे ठरतात? आणि एर्दोआन २०२८ मध्ये पुन्हा उभे राहू शकतात का? (ठाणे)

राज्यघटनेच्या कलम १०१ नुसार अध्यक्षपदाच्या उमेदवाराला ४० वर्षं पूर्ण आणि उच्च शिक्षण पूर्ण, अशाही अटी आहेत. इमामओलू यांनी १९९० मध्ये उत्तर सायप्रसमधल्या विद्यापीठातून इस्तंबूल विद्यापीठात प्रवेश बदलून घेतला होता. हा बदल नियमबाह्य होता असं म्हणत विद्यापीठाने १८ मार्च २०२५ रोजी त्यांच्यासह २८ जणांच्या पदव्या रद्द केल्या. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्यांना भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून ताब्यात घेतलं आणि २३ मार्चला त्यांची रवानगी इस्तंबूलजवळच्या सिलिव्रीच्या तुरुंगात झाली. सीएचपीची उमेदवारनिवड त्याच दिवशी ठरलेली होती. पक्षाने सदस्य नसलेल्यांसाठीही पेट्या ठेवल्या. पक्षाच्या म्हणण्यानुसार एकूण दीड कोटी लोकांनी मत दिलं. न्यायपालिका स्वतंत्र आहे, असं सरकार सांगतं. पण ३५ वर्षांपूर्वीचा प्रवेश नेमका उमेदवारी जाहीर होण्याच्या आठवड्यात बेकायदा ठरतो, हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

दुसऱ्या भागाचं उत्तर आकड्यांत आहे. अध्यक्षाला दोनच कार्यकाळ मिळतात. पण कलम ११६ मध्ये एक वाट आहे: दुसऱ्या कार्यकाळात संसदेनेच मुदतपूर्व निवडणूक घ्यायचं ठरवलं, तर त्याच अध्यक्षाला पुन्हा उभं राहता येतं. त्यासाठी ६०० पैकी ३६० मतं लागतात. सत्ताधारी आघाडीला २०२३ मध्ये ३२३ जागा मिळाल्या, म्हणजे ३७ कमी. घटनादुरुस्ती सार्वमताला न्यायचीही किमान मर्यादा ३६० च आहे. सार्वमताशिवाय ती करायची तर ४०० लागतात.

कुर्द शांतता प्रक्रियेकडे तुर्की लोक संशयाने पाहतात ते या हिशोबामुळे. कुर्दसमर्थक पक्ष २०२३ मध्ये ६१ जागा घेऊन आला होता. पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेचे संस्थापक अब्दुल्ला ओजालान यांनी २७ फेब्रुवारी २०२५ रोजी तुरुंगातून शस्त्रत्यागाचं आवाहन केलं आणि १२ मे रोजी पीकेकेने विसर्जन जाहीर केलं. चार दशकांत सुमारे ४० हजार बळी गेलेला संघर्ष थांबत असेल, तर त्याचं मोल कोणत्याही पक्षीय गणितापेक्षा मोठं आहे. कुर्दबहुल दियारबाकिरच्या आईला तिचा मुलगा घरी येणं महत्त्वाचं आहे. पण इस्तंबूलचा विरोधी मतदार त्याच वेळी ३६० चा आकडा मोजतो आहे, हेही समजून घ्यावं लागतं.

मुलगी नोकरीसाठी इस्तंबूलला चालली आहे. तिथली महागाई आणि घरभाड्याचे वाद याबद्दल फार ऐकतो. भाड्याने घर घेताना काय पाहावं? (पुणे)

आधी महागाईचं कारण. व्याजदर वाढवल्याने महागाई वाढते, असं एर्दोआन यांचं मत होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये १९ टक्के असलेला व्याजदर डिसेंबरपर्यंत १४ वर आणला गेला. डॉलर साडेआठ लिराच्या आसपास होता, तो २० डिसेंबरला १८ च्या वर गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिकृत वार्षिक महागाई ८५.५ टक्के झाली, आणि व्याजदर फेब्रुवारी २०२३ मध्ये ८.५ पर्यंत उतरला. निवडणूक झाल्यावर मेहमेत शिमशेक अर्थमंत्री झाले आणि मार्च २०२४ पर्यंत हाच दर ५० टक्क्यांवर गेला. लिराची घसरण मंदावली, पण किमती उतरल्या नाहीत. त्यांच्या वाढीचा वेग तेवढा कमी झाला.

भाड्याचे वाद यातूनच पेटले. जून २०२२ पासून १ जुलै २०२४ पर्यंत घरभाडेवाढीवर २५ टक्क्यांची मर्यादा होती. महागाई त्याच्या दुपटीतिपटीने धावत होती. जुना भाडेकरू बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शात राहू लागला आणि घरमालक त्याला काढायच्या मागे लागले. खटले इतके वाढले की सप्टेंबर २०२३ पासून दाव्याआधी मध्यस्थाकडे जाणं सक्तीचं झालं.

आता तुमच्या मुलीसाठी. करार नोटरीकडे करून घ्यावा. त्याआधी त्या मोहल्ल्यात परदेशी माणसाची पत्ता-नोंदणी खुली आहे का, हे पाहावं. परकीयांचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलेल्या कित्येक मोहल्ल्यांत नवी नोंदणी बंद आहे. अनामत भरल्यावर हे कळलं तर घर हातात आणि पत्त्याची नोंदणी नाही, अशी अडचण होते. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ती रोख देऊ नये. भाडंही बँकेतूनच द्यावं आणि ‘अमुक महिन्याचं भाडं’ असं लिहावं. वाद झाला की हाच पुरावा टिकतो.

सगळ्यांत मोठा धोका घर सोडण्याच्या हमीपत्रात आहे. करारासोबत पुढे केलेल्या या कागदावर तारखेच्या जागा कोऱ्या असतात. घरमालक पुढे हवी ती तारीख भरतो, आणि ‘मी कोऱ्या कागदावर सही केली होती’ हे न्यायालयात सिद्ध करणं फार कठीण जातं. हे हमीपत्र घरात राहायला आल्यानंतरच्या तारखेचं असेल तरच वैध, म्हणून चाव्या मिळण्याआधी त्यावर सही करूच नये. ते नसेल तर नुसती मुदत संपली म्हणून घरमालक भाडेकरूला बाहेर काढू शकत नाही, करार आपोआप वर्षभर वाढतो. मुलीलाच घर सोडायचं असेल तर मुदत संपण्याच्या किमान १५ दिवस आधी लेखी कळवावं.

नूतनीकरणाच्या वेळी वाढ किती? आधीच्या बारा महिन्यांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या सरासरीइतकी, त्याहून जास्त नाही. पाच वर्षांनंतर मात्र घरमालक न्यायालयातून बाजारभावाने भाडं ठरवून घेऊ शकतो. सोसायटीचा मासिक खर्च आणि हीटिंग भाड्यात धरलंय की वेगळं, हेही आधी विचारून घ्यावं. हिवाळ्यात ही रक्कम चांगलीच बोचते.

किल्लारीचा भूकंप आम्ही पाहिला आहे. तिथे दगडमातीची घरं पडली. तुर्कस्तानात २०२३ मध्ये सिमेंटच्या नव्या इमारती का पडल्या? (लातूर)

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे ४.१७ ला ७.८ तीव्रतेचा धक्का बसला आणि दुपारी त्याच भागात ७.५ चा दुसरा. तुर्कस्तानात ५३ हजारांहून अधिक माणसं गेली. धक्के प्रचंड होतेच, पण १९९९ च्या इझमित भूकंपानंतर बांधकामाचे नियम कडक झाले होते. कागदावर ते चांगले होते. बांधकाम तपासणाऱ्या खासगी कंपन्या २००१ च्या कायद्याने आल्या, पण २०१९ पर्यंत कंपनी निवडण्याचा हक्क मालकाचा, म्हणजे व्यवहारात बिल्डरचाच होता. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच्याच चुका कोण काढणार? तळमजल्यावर दुकानं हवीत म्हणून भिंती नसायच्या. काही ठिकाणी तर दुकान मोठं करायला खांबच कापले होते. असा तळमजला आधी बसतो आणि वरचे मजले थराथराने त्यावर कोसळतात.

२०१८ च्या निवडणुकीआधी सरकारने आणखी एक योजना आणली. ठरावीक रक्कम भरा आणि नियमबाह्य बांधकाम नोंदवून घ्या. मजबुतीची तपासणी नव्हती, जबाबदारी मालकाच्या स्वतःच्या घोषणेवर सोडलेली होती. आमचा राग सर्वांत जास्त यावर आहे. आणि विरोधकांनीही तेव्हा त्याला ठाम विरोध केला नाही, कारण अर्जदार सगळ्याच पक्षांचे मतदार होते.

भारताने ‘ऑपरेशन दोस्त’खाली एनडीआरएफची पथकं आणि लष्कराचं फिरतं रुग्णालय पाठवलं. रुग्णालय हाताय प्रांतात इस्केंदेरून इथे उभं राहिलं.

मग दोनच वर्षांत तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने का उभा राहिला? आम्ही सफरचंदं घेणं बंद केलं, त्याचं तिथे कुणाला काही वाटलं का? (मार्केट यार्ड, पुणे)

मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षावेळची तुमची चीड समजण्यासारखी आहे. ज्यांच्या ढिगाऱ्यांत आपले जवान उतरले, त्याच देशाच्या बनावटीचे ड्रोन पाकिस्तानने वापरल्याचं भारतीय लष्कराने सांगितलं. पण तुर्की सामान्य माणसाच्या चर्चेत दक्षिण आशियाला जागा फार थोडी. त्याच आठवड्यांत तिथे पीकेकेचं विसर्जन आणि इमामओलूंचा तुरुंगवास हे विषय होते. २०२४ मध्ये तिथे ५ कोटींहून अधिक परदेशी पाहुणे आले, त्यांत भारतीय तीन लाखांहून थोडे जास्त. बहिष्काराची झळ बसली ती सफरचंद निर्यातदारांना, लग्नसमारंभ घेणाऱ्या हॉटेलांना आणि भारतातल्या विमानतळांवर सेवा देणाऱ्या, सुरक्षा परवाना गेलेल्या चेलेबी कंपनीला.

पाकिस्तानबद्दलची आपुलकी मात्र सरकारी नाही, ती शाळेच्या पुस्तकातून येते. तुर्की स्वातंत्र्ययुद्धात भारतातल्या खिलाफत चळवळीने पाठवलेला पैसा तुर्की मुलं ‘पाकिस्तानी बंधूंची मदत’ म्हणून शिकतात. तो गोळा झाला तेव्हा पाकिस्तान नव्हता, आणि त्या चळवळीत गांधीजी होते, हे तिथे फारसं माहीत नाही. त्यातली उरलेली रक्कम १९२४ मध्ये इश बँकेच्या स्थापनेत गेली. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक आतातुर्क यांच्या मृत्युपत्रानुसार त्या बँकेचे २८ टक्के समभाग आजही सीएचपीच्या नावावर आहेत. लाभांश मात्र पक्षाला मिळत नाही, तो भाषा आणि इतिहास या दोन संस्थांकडे जातो.

हिजाबचा वाद तिथे मिटला का? (औरंगाबाद)

डोक्यावरच्या रुमालापुरता, बऱ्याच अंशी हो. विद्यापीठांतली बंदी २०१० नंतर ढासळली, सरकारी नोकरीतली ऑक्टोबर २०१३ मध्ये उठली. एके काळी बंदीची पाठराखण करणाऱ्या सीएचपीनेच २०२२ मध्ये तो हक्क कायद्याने पक्का करण्याचा प्रस्ताव मांडला. आजचं भांडण वेगळं आहे. महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल करारातून एर्दोआन यांनी मार्च २०२१ मध्ये एका आदेशाने देशाला बाहेर काढलं. संरक्षण देणारा २०१२ चा कायदा क्रमांक ६२८४ मात्र टिकून आहे, आणि तो टिकावा म्हणून रुमाल बांधणाऱ्या बायकाही बोलतात.

तुर्की बातम्या इंग्रजीतून कुठे वाचाव्यात? (पणजी)

सरकारची बाजू अनादोलू वृत्तसंस्था आणि डेली सबाहमध्ये मिळेल. स्वतंत्र बातम्यांसाठी बियानेट वाचा, मुख्यतः न्यायालयं, कुर्द आणि महिलांविषयीच्या. महागाईचा अधिकृत आकडा सांख्यिकी संस्था दर महिन्याच्या तीन तारखेच्या सुमारास देते. त्याच दिवशी एनाग हा अभ्यासकांचा गट स्वतःचा अंदाज देतो, तो बहुधा बराच जास्त असतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहा.