घरात ३ आणि ७ वर्षांची मुलं, नवी गाडी, कापडी सीट: नागपूरच्या उन्हा-पावसात त्या कशा जपाव्यात?

डीलर लेदरेटची, म्हणजे नकली चामड्याची, फुल कव्हरं टाकून घ्या म्हणतोय आणि टाकावीत की नाही, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर मुलं लहान आहेत तोवर निदान मागच्या सीटवर टाकू नका. लेदरेटवरचा डाग पुसता येतो हे खरं आहे. पण सांडलेलं दूध शिवणीच्या भोकांतून आत झिरपतं आणि कव्हराखालच्या मूळ कापडाला हवाच लागत नाही. दोन दिवसांनी वास सुटतो आणि तो शोधायला सगळं कव्हर उसवावं लागतं. शिवाय मे महिन्यात ४५ अंशांत उभ्या असलेल्या गाडीत हाफ पँटमधल्या पोट्ट्याला त्यावर बसवणं म्हणजे त्याच्या मांड्या पोळून काढणं. आपल्याकडे जे काही टाकाल ते एका मिनिटात निघणारं आणि घरच्या मशीनमध्ये धुता येणारं असावं.

मागच्या बाकासाठी सगळ्यात चांगला थर म्हणजे जाड सुती चादर. सोलापुरी चादर उत्तम, कारण ती घाम शोषते, घसरत नाही आणि मुलांच्या बुटांना दाद देत नाही. आधी दोन-तीनदा वेगळी धुऊन घ्या, नाहीतर ओली झाली की तिचाच रंग सीटला लागेल. मग गाडीत अंथरून पट्ट्यांची बक्कलं जिथे येतात तिथे खडूने खुणा करा आणि टेलरकडून तिथे काजं करून घ्या. वरच्या कडेला रुंद इलॅस्टिकचे दोन फास शिवून ते हेडरेस्टच्या दांड्यांत अडकवा. पाठ आणि बैठक यांच्या फटीत चादर चांगली चार बोटं आत खोचा. अशा दोन चादरी करा, म्हणजे एक धुण्यात असली तरी सीट उघडी राहत नाही.

मूल जिथे थेट बाकावर बसतं त्या जागी चादरीखाली बाळाच्या पलंगावर घालतात ती ड्राय शीट घाला. पण चाइल्ड सीटखाली ही जाड चादर, गादी, घडी केलेला टॉवेल किंवा फोम कधीच नको. तो दबतो, सीट ढिली पडते आणि धक्का बसला तर पुढे सरकते. चाइल्ड सीटच्या कंपनीने चालेल म्हटलेली पातळ, न घसरणारी मॅटच घाला. बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. आणि कसलंही कव्हर घाला, बक्कलं गाडली जाता कामा नयेत. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट हवीच, नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १,००० रुपये दंड आहे. मात्र खरी गरज दंडामुळे नाही, मुलासाठी आहे.

पुढच्या सीटवर कव्हर टाकायचंच असेल तर आधी सीटच्या दाराकडच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली आहे का ते बघा. असेल तर साइड एअरबॅग सीटमधूनच फुटते. तिथे बंद शिवणीचं साधं कव्हर चढवलं तर ती वेळेवर उघडणार नाही. त्या बाजूला फाटणारी खास शिवण असलेलं, त्याच मॉडेलचं कव्हर घ्या किंवा ती सीट उघडीच ठेवा.

डाग पडला की तो कशाचा आहे हे आधी बघायचं, साबण नंतर. कापडी सीट बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात. पॉलिएस्टर पाणी फारसं शोषत नाही, पण तेल धरून ठेवतं. म्हणून फुटाळा तलावावरच्या बर्फाच्या गोळ्याचा रंग लगेच टिपला तर बहुधा निघतो आणि तर्रीचा थेंब मात्र चिकटून बसतो. तर्रीत तेलही आहे आणि तेलात विरघळणारी हळदही.

तर्री सांडली तर चोळू नका. जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून उचला, कोरड्या फडक्याने दाबून टिपा. मग टाल्कम पावडरचा जाड थर टाकून २० मिनिटं थांबा, ती तेल ओढून घेते. पावडर झटकली की अर्धा लिटर पाण्यात एक चमचा भांड्यांचं लिक्विड घालून, त्यात फडकं पिळून, डागाच्या बाहेरून आत टिपत या. इथे बरेच जण घाबरतात, कारण पिवळा डाग एकदम लाल होतो. साबण अल्कधर्मी असला की हळद लाल होते, बिघडलं काहीच नाही. साध्या पाण्याने साबण काढा, मग एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी लावा, ती पुन्हा पिवळी होईल. उरलेली पिवळी छटा उन्हावर सोडा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. डाग उन्हाकडे येईल अशी गाडी लावत गेलात तर काही दिवसांत तो फिका होत जातो. बाकीची सीट मात्र झाकून ठेवा, ऊन तिचाही रंग खातं.

संत्र्याचा रस दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात. पण साखर सुकून चिकट होते, त्यावर धूळ बसून महिन्याभराने काळा पट्टा उमटतो, आणि मुंग्या तर दुसऱ्याच दिवशी येतात. त्यासाठी साबण लागत नाही. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने, बोटाला चिकटपणा लागेनासा होईपर्यंत तीन-चारदा टिपा. संत्रा बर्फी किंवा चॉकलेट वितळून बसलं असेल तर पिशवीत बर्फ घेऊन ते आधी कडक करा, मग खरवडा. मेणाच्या खडूंचंही तेच. ते मुळात उन्हाळ्यात गाडीत ठेवूच नका.

दूध आणि उलटी यांत वेळेला सगळ्यात जास्त किंमत आहे. चिखलदऱ्याच्या घाटात मुलाला उलटी झाली आणि गाडी परत येऊन तशीच उन्हात बंद राहिली, तर त्यातली प्रथिनं धाग्यांवर शिजून बसतात. गरम पाणीही हेच करतं. घट्ट भाग उचला, गार पाण्याने टिपा, मग एन्झाइमवालं क्लीनर फवारा. ते ओलं असेपर्यंतच काम करतं, म्हणून लगेच पुसायचं नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ होईपर्यंत त्यावर ओलं फडकं झाकून ठेवा. वाळल्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्युम करा. इतकं करूनही वास आला तर दूध फोममध्ये उतरलंय. वरून कितीही अत्तर मारलं तरी ते जाणार नाही, वेट व्हॅक्युमवाल्याकडेच न्या. बऱ्याच गाड्यांत मागची बैठक पुढच्या क्लिपा उचकून निघते, पण खाली पट्ट्याच्या सेन्सरची वायर असू शकते. आंधळेपणाने ओढू नका.

कुठलाही डाग काढताना पाणी ओतू नका, फवारा. शेवटी फक्त डागाची जागा न पुसता एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा हलका ओला करून पुसा, नाहीतर वाळताना पाण्याचं कडं उमटतं. उन्हाळ्यात काचा थोड्या खाली ठेवल्या की सीट दुपारभरात वाळते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तीच दोन दिवस ओली राहते आणि बुरशी धरते. तेव्हा दारं उघडी टाकून टेबल फॅन लावा.

पावसाळ्यातली काळी माती ओली असताना पुसली तर ती धाग्यांत घुसते. पूर्ण वाळू द्या, मग ब्रशने उकरून व्हॅक्युम करा. सीट झिजते ती मुख्यतः या बारीक कचऱ्याने, कारण बसता-उठता तो धागे कापत राहतो. आठवड्यातून एकदा फटी आणि शिवणी व्हॅक्युम केल्यात तर महागड्या कोटिंगपेक्षा जास्त फरक पडेल. फॅब्रिक प्रोटेक्टर स्प्रेला माझा विरोध नाही. स्वच्छ, कोरड्या सीटवर दोन पातळ हात मारा, दारं उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या, तोवर मुलांना बसवू नका. सीट धुतली की पुन्हा मारावा लागतो. तो सांडलेलं थोडा वेळ वर धरून ठेवतो, टिपायचं काम तुमचंच.

पुढच्या सीटच्या पाठीला किक मॅट हवीच, ७ वर्षांच्या मुलाचे बूट बरोबर तिथेच पोचतात. ती खालून सैल राहिली तर पाय आत घालून मुलं ती फाडतात, म्हणून खालचा पट्टा ताणून बांधा. शाळेचं दप्तर पायाशी ठेवायला लावा. त्याची बक्कलं आणि कंपासचं टोक कापडाचे धागे ओढतात.

गाडीत एक डबा ठेवा: जुन्या पांढऱ्या बनियनची चार-पाच फडकी, पाण्याचा स्प्रे, प्लास्टिक कार्ड, उलटीसाठी पिशव्या. फडकी पांढरीच हवीत, रंगीत कापडाचा रंग उतरतो. पेनाच्या शाईवर सॅनिटायझर फडक्यावर घेऊन टिपला तर चालतो, पण आधी सीटखालच्या कोपऱ्यात तपासा. लेदरेटवर तो वापरू नका, वरचा थर जातो. त्याची बाटली उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका, ज्वालाग्राही आहे.

पट्ट्यांवर डाग पडला तर फक्त कोमट पाणी आणि सौम्य साबण. ब्लीच किंवा तीव्र क्लीनरने पट्ट्याची ताकद कमी होते आणि ते बाहेरून दिसत नाही. धुतलेला पट्टा पूर्ण बाहेर ओढून, क्लिप लावून सावलीत वाळू द्या. ओला आत गुंडाळला तर बुरशी धरतो.