एलजी, एसजी की बीबी? रानडुकरासाठी १२ बोअरमध्ये कोणता मोठा छर्रा घ्यावा?

प्रश्न असा आहे: शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, एकनळी १२ बोअर (छऱ्याची बंदूक) आहे, भातात आणि सुरणात डुकरं उतरतात, मोठा छर्रा घ्यायचा तर कुठला घ्यावा. (एलजी, एसजी, बीबी ही काडतुसातल्या शिशाच्या छऱ्यांच्या मापांची नावं.) आणि पुढे एक ओळ जोडली आहे, "गावातले म्हणतात एलजीच घे, पन्नास पावलांवर आडवं पडतं."

त्या शेवटच्या ओळीसाठीच हे उत्तर लिहितोय.

पन्नास पावलांवर एलजीने डुक्कर पडतं हे खोटं नाही, कधीमधी पडतं. पण जे पडलं त्याचीच गोष्ट वाडीवाडीत सांगितली जाते. ज्याच्या पोटात एक छर्रा शिरला आणि जे करवंदीच्या जाळीत तीन दिवस कुजत मेलं, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण ते कोणाला सापडलेलंच नसतं. हा वाद मी गावात कित्येक वर्षं घालतोय आणि समोरचा दर वेळी एकच म्हणतो, "मोठा छर्रा, मोठा मार." एका छऱ्यापुरतं ते खरं आहे. काडतुसापुरतं नाही.

हिशोब बघा. आपल्याकडची मापं इंग्रजी पद्धतीची. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम शिशात एलजीचे ६ छरे बसतात, एसजीचे ८, एसएसजीचे १५, एएएचे ३५, बीबीचे ७० आणि चार नंबरचे १७०. व्यास अनुक्रमे ९.१, ८.४, ६.८, ५.२, ४.१ आणि ३.१ मिलिमीटर. एसजीचा एक छर्रा साडेतीन ग्रॅमचा, चार नंबरच्या एकवीस छऱ्यांएवढा. व्यास थोडा वाढला की वजन घनाच्या हिशोबाने वाढतं, हवेचा अडथळा मात्र वर्गाच्या. म्हणून मोठा छर्रा वेग टिकवतो आणि खोल जातो. इथवर गावातली मंडळी बरोबर आहेत.

आता पसारा. चोक (नळीच्या तोंडाचा आवळ) नसलेल्या नळीतून मोठे छरे मीटरमागे ढोबळमानाने पावणेतीन सेंटिमीटर पसरतात. वीस मीटरवर पसारा साधारण पंचावन्न सेंटिमीटरचा, चाळीस मीटरवर एक मीटरच्या वर. डुकराची मर्माची जागा, म्हणजे काळीज आणि फुप्फुस, धरा वीतभर, वीस सेंटिमीटर. काडतुसात एक औंस शिसं धरलं आणि छरे सारखे पसरले असं मानलं तर चाळीस मीटरवर, म्हणजे साधारण पन्नास पावलांवर, त्या वीतभर जागेत एसजीचा पाव छर्रा येतो, एलजीचा त्याहून कमी. चार बारांतला एक बार नीट लागणार आणि उरलेले तीन जनावर जखमी करून घालवणार, असा त्याचा अर्थ. वीस मीटरवर एसजीचा एक छर्रा येतो, पंधरा मीटरवर जवळपास दोन. मधोमध दाटी जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं बरं पडतं, पण पन्नास पावलांचा हिशोब त्याने सुटत नाही.

एएएचं उलट आहे. चाळीस मीटरवरही एखादा छर्रा मर्मावर येईल, पण तो पाऊण ग्रॅमचा. पोसलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट थर असतो, एरंडाच्या पानाएवढा नाही, चांगला ढालीसारखा. हा छर्रा त्यात अडकून राहतो. बीबीचा तर डुकरासाठी विचारच नको. बीबी, एक, चार, सहा हे पक्ष्यांचे आणि सशाचे छरे. त्या शिकारी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळल्या आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरच्याही बंद झाल्या. तुमच्या कामाला त्यांचा उपयोग नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: एसजी, पंधरा ते वीस मीटरच्या आत, जनावर आडवं उभं असताना. एसएसजी मिळाली आणि अंतर पंधराच्या आत असेल तर तीही चांगली. एलजी मी सुचवणार नाही, आणि कारण फक्त संख्या नाही.

नळी हे दुसरं कारण. हे कोणी बघत नाही म्हणून सविस्तर लिहितो. १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास साडेअठरा मिलिमीटर. फुल चोक म्हणजे तोंडाशी साधारण एक मिलिमीटर आवळलेली, साडेसतराची. एसजीचे तीन छरे एकमेकांना चिकटून ठेवले तर त्यांना लागणारं वर्तुळ १८.१ मिलिमीटरचं. म्हणजे साध्या नळीतून तीनची थर निघते, फुल चोकमधून निघत नाही. ते छरे तोंडाशी एकमेकांवर दाबले जातात, चपटतात आणि भलतीकडे जातात. एलजीचे दोन छरे शेजारी ठेवले की १८.२ होतात. एसएसजीचे चार ठेवले तरी साडेसोळा, ते फुल चोकमधूनही आरामात जातात. म्हणजे ज्याच्याकडे जुनी फुल चोकची दुनळी आहे आणि जो तिच्यात अभिमानाने एलजी घालतो, तो सगळ्यात वाईट जोडी वापरतोय. चोक जितका घट्ट तितका बार लांब, हे चार आणि सहा नंबरचं गणित आहे. मोठ्या छऱ्याला ते लावू नका.

घरी तपासता येतं. बंदूक मोडून (बिजागरीवर उघडून), नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघून, नळी काढून घ्या. व्हर्निअरने तोंडाचा व्यास मोजा आणि वरच्या आकड्यांशी ताडा. काडतुसात कपाचा वॅड (दारू आणि छऱ्यांमधली डट्टी) असेल तर कपाच्या भिंती जागा खातात, अजून थोडं कमी धरा. नळीवरच्या खुणांवर विसंबू नका, जुन्या नळ्या तोंडाशी कापलेल्या असतात आणि मग चोक उरलेलाच नसतो.

आणि खरा निकाल कागदावर लागतो. जिल्हा रायफल क्लबच्या रेंजवर, रीतसर विचारून, सव्वा मीटर चौरस कागद लावा, मधोमध वीस सेंटिमीटरचं वर्तुळ काढा आणि पंधरा, वीस, तीस मीटरवरून बार टाका. बंदूक टेकवून. प्रत्येक अंतराला नवा कागद. मग भोकं बघा, नुसती मोजू नका. गोल भोक, कडेला करडी शिशाची रेघ, म्हणजे छर्रा शाबूत आला. लांबट भोक म्हणजे चपटलेला छर्रा, आणि अशी भोकं बहुधा कडेलाच असतात. जवळच्या कागदावर एक मोठं फाटकं भोक दिसतं ते वॅडचं. ते छर्रा म्हणून मोजलं की माणूस खूश होतो आणि फसतो. ज्या अंतरावर वर्तुळात दर वेळी किमान दोन छरे येत नाहीत, ते अंतर तुमच्या बंदुकीचं नाही, मग गावात कोणी काहीही सांगो. हा कागद "पन्नास पावलं" म्हणणाऱ्याच्या समोर धरला की तो बंदुकीला नावं ठेवतो. दुसरी बंदूक लावली तरी कागद तेच सांगतो.

काडतूस घेताना पेटीवर लांबी वाचा. जुन्या इंग्रजी आणि बेल्जियन बंदुकांची कोठी (काडतूस बसतं ती जागा) बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची असते. ७० चं काडतूस तीत बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चाललं असं नाही. कागदी काडतुसं कोकणच्या पावसात फुगतात, अर्धी आत जाऊन अडकतात. ती ठोकून बसवू नका, बाजूला काढा. पितळी बुडाला हिरवा गंज धरलेलीही नकोत.

अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून माप ठरवू नका. त्यांचा "चार नंबर बक" ६.१ मिलिमीटरचा असतो, आपल्या दुकानात "चार नंबर" मागितलं की ३.१ चे पक्ष्यांचे छरे हातात येतात. त्यांचं दोन शून्य म्हणजे आपली एसजी, तीन शून्य म्हणजे एलजी. त्यांची बीबीही आपल्या बीबीपेक्षा जाड.

गोळीचं काडतूस, म्हणजे एकच मोठी गोळी, डुकराला छऱ्यापेक्षा बरं, जर बंदूक नेमाला असेल आणि चोक नसेल तर. चोकच्या नळीतून ते त्या चोकला चालतं असं पेटीवर लिहिलं असेल तरच.

नेम पुढच्या पायाच्या मागे, खालच्या तिसऱ्या भागात. समोरून येणाऱ्यावर बार टाकू नका, कवटी उतरती असते. पिल्लांसोबतच्या मादीवर नको. बार लागला आणि जनावर जाळीत गेलं तर रात्री मागे शिरू नका, जखमी डुक्कर उलटतं.

छर्रा कुठे जाऊन थांबणार हे आधी ठरवा. जुना ठोकताळा आहे: व्यास इंचात घ्या, २२०० ने गुणा, उत्तर यार्डात. सहा नंबर साधारण दोनशे मीटर जातो, एसजी साडेसहाशेच्या पुढे. आपल्या वाड्यांमध्ये साडेसहाशे मीटरच्या आत कोणाचं तरी अंगण असतंच. जांभ्याच्या कातळावर आणि गडग्यावर शिसं उसळतं, भरलेल्या भातखाचरावरूनही उसळतं. म्हणून बार माळ्यावरूनच, खाली, मातीकडे. आणि बत्तीत पूर्ण जनावर दिसल्याशिवाय नाही. डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या कोकणात येत राहतात. त्यातला माणूस मेलाय तो बार टाकणाऱ्याला नुसतं काहीतरी हललेलं दिसल्यावरच.

हे सगळं परवानगी हातात असेल तरच. बंदुकीचा परवाना वेगळा आणि डुक्कर मारायची परवानगी वेगळी. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी मिळते, ती वनखात्याकडून घ्या आणि तिच्यातल्या अटी, मुदत, ठिकाण नीट वाचा. नुकसानीचा पंचनामा आधी करून घ्या, भरपाईलाही तोच लागतो. मारलेलं डुक्कर कलम ३९ प्रमाणे सरकारचं असतं. वाटे घालून वाडीत वाटलं तर परवानगी असूनही गुन्हा होतो, आणि बंदूक जाते ती वेगळीच. गवा किंवा भेकर भातात असेल तर ही परवानगी त्याला लागू नाही, बत्ती मारून हाकला. ठासणीच्या बंदुकीत खिळे आणि सळईचे तुकडे भरणारे अजून आहेत. त्यांना एसजी काय नि एलजी काय, हे उत्तर त्यांच्यासाठी नाही.

सुरणाच्या वाफ्याला मात्र बंदुकीने राखण होत नाही. तिथे तारेचं कुंपण जमिनीत वीतभर गाडून घाला.