जाड्या-रड्याच्या जुन्या शॉर्ट फिल्ममध्ये पडापडीशिवाय काही असतं का?

नऊ वर्षांच्या मुलीला जाड्या-रड्याच्या, म्हणजे लॉरेल-हार्डी या विनोदी जोडीच्या, फिल्म दाखवायला सुरुवात कुठून करू, आणि त्यात नुसती पडापडीच असते का, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात १९३२ च्या 'द म्युझिक बॉक्स'पासून करा. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंय, कारण "नुसती पडापडी" हे आमच्या दाजींचं आवडतं वाक्य आहे.

आमचे अण्णा मशीद बंदरला माथाडी होते. सुट्टीच्या दिवशी लोकांची कपाटं, तिजोऱ्याही चढवायचे. रिटायर झाल्यावर त्यांना ही फिल्म मी लॅपटॉपवर लावून दिली. दोघांना पियानोचं खोकं टेकडीवरच्या घरी पोचवायचंय, मध्ये जिना, बस. जिना खरा आहे, लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातला, १३३ पायऱ्यांचा. अण्णा आधी हसलेच नाहीत. चहा बाजूला ठेवून पुढे सरकले. म्हणाले, "सगळं वजन खालच्यावर येतंय बघ." खोकं सुटून गडगडत निघालं तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप पुढे गेला, धरायला.

दोघं वर पोचतात तेव्हा पोस्टमन सांगतो की गाडीचा रस्ता होता. मग ते पियानो परत खाली नेतात, गाडीतनं वर आणायला! इथे अण्णांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. काळबादेवीत एकदा त्यांनी चौथ्या मजल्यावर तिजोरी चढवली होती, आणि वर गेल्यावर शेठ म्हणाला, शेजारच्या बिल्डिंगमध्ये न्यायची होती.

दाजी म्हणतात, याला डोकं लागत नाही. १९२७ च्या 'हॅट्स ऑफ'मध्ये लॉरेल-हार्डी याच जिन्यावर वॉशिंग मशीन चढवत होते. पाच वर्षांनी तोच विनोद पुन्हा घासूनपुसून, पियानो घेऊन केला, आणि विनोदी शॉर्ट फिल्मचं पहिलंवहिलं ऑस्कर त्याला मिळालं. डोक्याशिवाय होतं का हे? ओझं उचललेल्या माणसाला त्यातलं जे कळलं, ते सोफ्यावरून दाजींना दिसलं नाही, एवढंच.

नंतर मूकपटातला विनोदी नट बस्टर कीटन याची 'वन वीक' (१९२०) लावा. शेवटी घरावर आदळते ती आगगाडी खरी आहे.

हां, 'म्युझिक बॉक्स'मध्ये बाबागाडीवाल्या बाईला लाथ मारतात, तेव्हा मुलीशेजारी बसा. रंग चढवलेली प्रत नको. आणि आवाज मोठा ठेवा; खोकं आपटलं की आतल्या तारा झणझणतात, ते ऐकू आलं पाहिजे.