आकडा उतरला, मग बिल का उतरत नाही?

महागाई कमी झाली म्हणजे भाव कमी झाले, हा गोंधळ दर आठवड्याच्या पत्रांत असतोच. म्हणून पुन्हा एकदा.

प्रश्न: ऑक्टोबर 2025 मध्ये महागाई पाव टक्क्यावर आली, अशी बातमी होती. आमचं वाण्याचं बिल तर उतरलं नाही. आकडा खोटा आहे का?

खोटा नाही, ताई. तो भावांचा नसून भाववाढीच्या वेगाचा आकडा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये 100 रुपयांना येणारं सामान वर्षभरात 6.21 टक्क्यांनी महागलं, पुढच्या वर्षात 0.25 टक्क्याने. म्हणजे ते ऑक्टोबर 2025 मध्ये साधारण एकशे साडेसहा रुपयांना होतं. चढलेलं खाली आलं नाही, फक्त चढायचं जवळजवळ थांबलं. त्यातही उतरल्या त्या मुख्यतः भाज्या आणि डाळी. तुमच्या घरात शाळेची फी आणि भाडं जास्त असेल, तर तुमचा आकडा वेगळाच निघणार. रिझर्व्ह बँक कुटुंबांना नियमित विचारते, तेव्हाही लोकांना जाणवणारी महागाई सरकारी आकड्याच्या वरच असते. गेल्या वर्षीच्या याच महिन्याचं बिल काढून शेजारी ठेवा.

प्रश्न: केंद्राचा महागाई भत्ता याच आकड्यावर ठरतो ना?

नाही. त्याला औद्योगिक कामगारांचा वेगळा निर्देशांक आहे.

प्रश्न: तूरडाळ भडकणार असा मेसेज फिरतोय. सहा महिन्यांची भरून ठेवू का?

नको. मेसेज विसराल, डाळीतले किडे लक्षात राहतील.

प्रश्न: बिस्किटांचा पुडा वर्षानुवर्षं त्याच किमतीला मिळतो. म्हणजे काही गोष्टी महागत नाहीत?

पुड्याच्या मागचं वजन वाचा. किंमत तीच ठेवायची आणि ग्रॅम कापायचे, ही जुनी चलाखी आहे. 'जादा 20 टक्के मोफत' दिसलं की आधी ग्रॅमचा भाव काढा.

प्रश्न: खासगी नोकरीतून निवृत्त झालो. पेन्शन नावापुरती. एफडीच्या व्याजात महिना निघत नाही. ओळखीचे एक जण पतसंस्थेत 11 टक्के देववतात. दुसरीकडे महिना 3 टक्के मिळतात म्हणे. पैसे हलवू का?

काका, 'म्हणे'वर आयुष्याची पुंजी ठेवू नका. महिना 3 म्हणजे वर्षाला 36 टक्के. एवढं देऊनही नफा उरेल असा धंदा ज्याला सापडला, तो तुमच्या दारात कशाला येईल? पहिले काही महिने व्याज वेळेवर येतं, ते तुमच्याच मुद्दलातून किंवा तुमच्यामागून आलेल्याच्या. तेवढ्यात तुम्ही साडूला सांगता, साडू व्याह्याला, आणि त्यांची जाहिरात फुकटात होते.

पतसंस्था सगळ्याच बुडतात असं मी म्हणत नाही. पण बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. हे एजंट सांगत नाही, कारण त्याचं कमिशन तुमच्या ठेवीवर असतं. गेल्या पावसाळ्यात एक आजी ठेवपावती दुधाच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आल्या होत्या. वर रंगीत गणपती, खाली मुदत संपून चौदा महिने झालेली तारीख. "विमा आहे म्हणाला होता," एवढंच त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. मी त्यांना तक्रारअर्जाचा मसुदा करून दिला. त्याहून जास्त काही माझ्या हातात नव्हतं.

महागाई पुंजी कुरतडते हे खरं, पण म्हणून पुंजीच कोणाच्या हवाली करायची? साठी उलटली असेल तर आधी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची चौकशी करा. एप्रिल 2023 पासून 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला मिळतं. चालू दर तिथेच विचारा. व्याजावर कर किती बसेल, औषधपाण्याला हाताशी किती ठेवायचं, हे मात्र कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. फी घेणाऱ्या, सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे जा. तोवर कुठेही सही करू नका.

प्रश्न: किराणा क्रेडिट कार्डावर घेतो आणि मिनिमम ड्यू भरतो. पगार वाढला की सगळं फेडेन. चालेल ना?

नाही. उरलेल्या रकमेवर महिन्याला 3 टक्क्यांच्या वर व्याज लागू शकतं. खाऊन संपलेल्या तांदळावर तुम्ही अजून व्याज भरताय. पगारवाढीची वाट पाहू नका. पुढच्या ड्यू डेटच्या आत शेवटची तीन स्टेटमेंटं घेऊन सल्लागाराला गाठा.