पुस्तक मागून उघड

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. दोन अभ्यासकांची चर्चा ऐकून तू गोंधळलीस. एक म्हणतो वंश आधी, दुसरा म्हणतो वर्ग आधी, आणि दोघंही साक्षीला एकच पुस्तक काढतात: काळे अमेरिकी इतिहासकार ड्युबॉइस यांचं, गुलामगिरी संपतानाच्या अमेरिकेवरचं, १९३५ सालचं 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन'. मग खरं कुणाचं, असं विचारतेस आणि खाली आणखी पुस्तकांची यादी मागतेस. यादी देणार नाही. तुझ्याकडे आहे तीच तुला पेलत नाहीये.

पुस्तक मागून उघड. हे वर्गात इतक्यांदा सांगितलं की मुलं माझी नक्कल करायची. तरी तू सातशेहून जास्त पानांच्या त्या ग्रंथाचं चौथं प्रकरण वाचलंस आणि थेट भांडणात उडी घेतलीस. शेवटची पानं पाहिली असतीस तर थबकली असतीस. तिथली संदर्भसूची आडनावांच्या अक्षरक्रमावर थांबत नाही. ड्युबॉइसनी लेखकांची सरळ वर्गवारी केली आहे. आधी प्रमाण मानले गेलेले पण काळ्यांच्या विरोधातले, म्हणजे काळ्यांना माणूसच न मानणारे. मग प्रचारकी. मग बरे ते तटस्थ. पुढे सहानुभूती असलेले, काळे इतिहासकार, सरकारी अहवाल. ज्यांची पुस्तकं तेव्हा विद्यापीठांत लावलेली होती त्यांना या माणसाने सूचीतच उभं-आडवं घेतलं. शेवटच्या प्रकरणात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या बर्जेस आणि डनिंग या, काळ्यांच्या विरोधात इतिहास लिहिणाऱ्या प्राध्यापकांचा आणि त्यांच्या शिष्यांचा हिशेब चुकता केला. (डनिंग तिथे शिकवत होते त्याच वर्षांत, १९१३ ते १९१६, बाबासाहेब कोलंबियात होते. त्यांच्या वर्गात बसले असं मी म्हणत नाही, तूही लिहू नकोस. पण याच बाबासाहेबांनी १९४६ साली ड्युबॉइसना पत्र लिहिलं, आणि ड्युबॉइसनी उत्तर दिलं.)

आता तुझा प्रश्न. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेतले सुमारे पाच लाख गुलाम मळे सोडून उत्तरेच्या फौजेकडे गेले. त्याला ड्युबॉइस सार्वत्रिक संप म्हणतात. संघटना नाही, पुढारी नाही, मग संप कसला, हा आक्षेप काही डाव्या समीक्षकांनी तेव्हाच घेतला होता. तुझे दोन विद्वान तेच नव्याने उगाळतायत. पण त्या दाव्याला आधार कशाचा आहे ते बघ ना! बहुतेक छापील साहित्य: सरकारी अहवाल, अमेरिकी संसदेची (तिथली काँग्रेस) कागदपत्रं, दुसऱ्यांचे ग्रंथ. वेळ, पैसा आणि संधी असती तर मूळ कागदांपर्यंत गेलो असतो आणि पुस्तकाचं वजन वाढलं असतं, असं ते स्वतःच नोंदवतात. दक्षिणेतल्या दप्तरखान्यांत काळ्या संशोधकाला गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नसे, असा तो काळ. म्हणजे वंश की वर्ग हा वाद त्या ग्रंथाच्या मागच्या पानांतच चाललेला आहे. मळा सोडणारा मजूर स्वतः तिथे फारसा बोलत नाही, त्याच्याबद्दल अधिकारी बोलतात. हे दिसल्यावर पुढचा प्रश्न वेगळा होतो. कुणाचं खरं, हे राहू दे. कुणाचं लिहिलेलं उरलं, ते विचार.

सी. एल. आर. जेम्स यांचं 'ब्लॅक जॅकोबिन्स' १९३८चं. त्रिनिदादचा हा माणूस १९३२ साली इंग्लंडला आला, लँकेशायरमधल्या नेल्सन या विणकरांच्या गावात राहिला, क्रिकेटच्या बातम्या लिहून पोट भरलं आणि पॅरिसच्या दप्तरांत जाऊन हैतीतल्या गुलामांची क्रांती हुडकली. तिथल्या उत्तरेकडच्या मैदानातल्या साखर कारखान्यांवर शेकड्यांनी एकत्र राबणारे गुलाम हे त्या काळातल्या कुठल्याही मजुरांपेक्षा आधुनिक कामगारवर्गाच्या जवळचे होते, हे त्यांचं वाक्य सगळे घोकतात. त्याच पुस्तकाच्या १९६३च्या आवृत्तीतली तळटीप कुणी वाचत नाही. तिथे ते सांगतात की मूळ पुस्तकातली काही विधानं आफ्रिकेच्या येऊ घातलेल्या स्वातंत्र्याचं भाकीत म्हणून केली होती. आणि १९७१ साली अटलांटात व्याख्यानं देताना, हे पुस्तक आज पुन्हा लिहीन तर गुलामांबद्दल इतरांनी काय लिहिलं ते कमी करीन, गुलाम स्वतः काय म्हणाले ते शोधीन, असं त्यांनी सांगितलं. तेहतीस वर्षांनी माणूस स्वतःच्याच संदर्भांवर नाराज आहे! याला मी विद्वत्ता म्हणते. दीड तास एकमेकांना 'अगदी बरोबर' म्हणण्याला नाही.

ई. पी. थॉम्पसन यांच्याबद्दल थोडक्यात. इंग्लिश कामगारवर्गाचा त्यांचा १९६३चा ग्रंथ मागून उघडलास तर गृहखात्याचे कागद भेटतील. विणकरांच्या गुप्त बैठकांत बसलेल्या सरकारी खबऱ्यांचे अहवाल. पैसे घेऊन लिहिलेले, म्हणून तिखटमीठ लावलेले. त्यातून थॉम्पसन माणसं बाहेर काढतात. कशी, ते तळटिपांत शीक.

तू म्हणशील, बाईंना काय, बाईंनी कुठे ग्रंथ लिहिला. नाही लिहिला. त्याचं वाईट वाटतं, आणि ते वाटणं वयाबरोबर कमी होत नाही. गिरणगावातली पत्रकं, युनियनच्या पावत्या, सभांच्या नोटिसा गोळा करून त्यांच्या सूच्या केल्या, एवढंच हातून झालं. एक ज्येष्ठ सहकारी मला 'सूचीबाई' म्हणायचे. पुढे त्यांच्याच विद्यार्थ्यांना त्या सूच्यांवरून कागद सापडले. मी ते बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. कुणीतरी ते करायला हवं होतं आणि मी केलं.

तुझे आजोबा गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत होते, साचाखात्यात, म्हणजे विणकामात का नव्हते, हे तुला ठाऊक आहे. धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा म्हणून दलितांना तिथे मज्जाव होता, आणि बाबासाहेबांनी १९२८च्या मुंबईच्या गिरणी संपात हा प्रश्न मांडला. गोऱ्या मजुराला तुटपुंज्या पगारावर मानाचं जे वरकड वेतन मिळायचं असं ड्युबॉइस म्हणतात, ते तुला कुणी समजावून द्यायला नको. म्हणूनच राग येतो. घरातच इतकं असताना तू दुसऱ्यांच्या चर्चेत निकाल शोधतेस. त्या संपावरचं प्रत्येक पुस्तक घे, मागून उघड आणि बघ, साचाखात्याची गोष्ट कुणाच्या कागदावरून सांगितली आहे. मालकांच्या संघटनेच्या? चौकशी समितीच्या? युनियनच्या? की रिंग खात्यातल्या बाईच्या? त्यावरून तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण उभं राहील. वंश, वर्ग, जात यांचा क्रम लावण्याचं काम पुढे ढकल.

आतापुरतं एवढंच कर. तुझ्या प्रबंधाच्या संदर्भयादीची ड्युबॉइससारखी वर्गवारी कर. भीडभाड ठेवू नकोस. माझ्या सूच्याही त्यात घाल, कुठल्या रकान्यात ते तू ठरव. पुढच्या आठवड्यात घरी घेऊन ये. छापून आण, मला स्क्रीनवर वाचवत नाही. आणि स्पायरल करू नकोस, मागची पानं त्यात अडकतात.

तुझी,
बाई