'जादुई' तलवार, आणि मुळात जादू कुणाची

प्रश्न असा आलाय की किशोरवयीन मुलांच्या फँटसी कादंबऱ्यांत 'जादुई तलवार', 'जादुई जंगल' असं लिहितात ते बरोबर आहे का, आणि जादू हा शब्द फारसी असल्यामुळे त्याऐवजी 'मायाविद्या' लिहावं का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जादुई हे हिंदीतून आलंय आणि दर पानावर ते वाचून वैताग येतो. मराठीत जादूची छडी, जादूचा दिवा. समीक्षेतला 'जादुई वास्तववाद' रुळलाय, तो राहू दे, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिताना हा शब्द कशाला, आणि तेही आपल्याकडे 'मंतरलेला' असताना? जादूची अंगठी म्हटलं की जादू अंगठीतच आहे, मंतरलेली म्हटलं की अंगठी साधीच होती, कुणीतरी तिच्यावर मंत्र घातलाय, म्हणजे तो कोण आणि मंत्र उतरवायचा कसा हे प्रश्न लगेच उभे राहतात. गोष्ट तिथेच सुरू झाली! आणि 'जादू टाकली' असंही कृपा करून लिहू नका, जादू करतात, भुरळ घालतात, मूठ मारतात.

आता फारसीचं. जादू फारसीतून आला हे खरंच आहे, पण फारसीतल्या जादूचं जुनं इराणी रूप यातु, आणि आपल्या वेदांतही यातु आहेच, अर्थही तोच, दुष्ट मंत्रविद्या आणि ती करणारा. यावर लगेच काही जण म्हणतात की बघा, संस्कृत यातुचाच अपभ्रंश जादू, यात्राची जत्रा झाली तसा. साफ चूक. य चा ज आपल्याकडेही होतो हे कबूल, पण त चं काय? दोन स्वरांमधला त महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, गळून जातो, घातचा घाव होतो, त्याचा द होऊन टिकत नाही. फारसीत मात्र तो नियमाने द होतो, आपला भ्रातृ तो तिकडचा बिरादर (बिरादरी त्यातलीच), आणि सुरुवातीच्या य चा ज होतो, युवन् तो जवान. दोन्ही खुणा फारसीच्या आहेत. त्यामुळे यातु हा जादूचा बाप नाही, सख्खा भाऊ आहे, आणि मला तरी हे नातं अपभ्रंशापेक्षा जास्त आवडतं.

ऋग्वेदातलं ७व्या मंडलातलं १०४वं सूक्त बघा. त्यात उलूकयातु, श्वयातु, गृध्रयातु अशी यादीच आहे, म्हणजे घुबड, कुत्रा, गिधाड यांच्या रूपातले यातु, आणि त्यांना दगडाने चिरडल्यासारखं चिरडून टाक अशी इंद्राला विनवणी. माणूस घुबड होऊन येतो ही कल्पना आजच्या कादंबऱ्यांना परकी वाटेल का? त्याच सूक्तात 'अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि' अशी शपथ आहे, मी यातुधान म्हणजे जादूटोणा करणारा असेन तर आजच मरो. केवढा जिव्हारी लागलेला आरोप असेल तो!

तिकडे इराणात, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात, यातु आणि पइरिका ही जोडी पुन्हा पुन्हा एकत्र येते, दोन्ही वाईट. ही पइरिका म्हणजेच आपली परी! पंखवाली, गोड, वर देणारी परी मुळात इतकी भयंकर होती. (इंग्रजी फेअरी आणि परी एकच असं ठासून सांगणारे खूप भेटतात, त्यांनी कृपया थांबावं. फेअरी लॅटिन फाता म्हणजे दैवदेवता यावरून फ्रेंचमार्गे आली, परीशी तिचा संबंध नुसत्या आवाजाचा.) बरं, मॅजिक हा शब्दही इराणचाच. मगु म्हणजे तिथले पुरोहित, ग्रीकांनी त्यांना मागोस म्हटलं आणि त्यांच्या नावावरून जादूटोण्याला शब्द केला. म्हणजे ज्या परंपरेत यातूंचा धिक्कार होता, तिच्याच पुरोहितांचं नाव यातुविद्येला चिकटलं. शब्दांच्या जगात यापेक्षा मोठा अन्याय मला माहीत नाही.

तर मायाविद्या नको. जादू हटवून संस्कृत शब्द आणणं म्हणजे भावाला घराबाहेर काढणं. जादूगारच लिहा, जादूगर नको, किमयागार आणि गुन्हेगार यांच्या रांगेत तोच शोभतो. आणि एक राहिलंच, मंत्र शिकणाऱ्या नायिकेला चेटकीण म्हणणं थांबवा. चेटूक हा शब्द चेट म्हणजे सेवक यावरून आला असावा असं माझं मत आहे, वश करून राबवलेलं भूत ते चेटूक. ज्या मुलीने भूत राबवलेलं नाही, स्वतः मेहनतीने विद्या मिळवलीय, ती जादूगारीण.